साळिंदराने राखलेला उंबर

एका डोंगराच्या पोटाशी एक जंगल होतं, जंगलात एक तळं होतं, तळ्याला मातीचा एक बुटका बांध होता आणि त्या बांधाच्या टोकाला एक साळिंदर राहत असे. एकटाच राहत असे. मुलांनो, गोष्ट त्याचीच आहे. पण आधी बांधाची ऐका, कारण बांध कळल्याशिवाय हा साळिंदर तुम्हाला कळायचा नाही.

हे तळं काही तहानेसाठी बांधलेलं नव्हतं. प्यायला जंगलात बारमाही झरा होता, आणि त्याचं पाणी चांगलं गोड होतं. तळं बांधलं ते निव्वळ मौजेसाठी. उन्हाळ्यात अंगाची लाही लाही व्हायची, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आपल्याला डुंबायला आणि सूर मारायला हक्काचं पाणी हवं. मग काय विचारता! रानडुकरांनी माती उकरली, वानरांनी दगड वाहिले आणि म्हाताऱ्या गव्याने आपला कळप आणून मातीचे थरावर थर तुडवले. बांधाच्या पोटात चिकट काळी माती घातली, पाठीवर मुरूम पसरला, पाण्याकडच्या अंगाला दगड लावले आणि एका कडेला जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा ठेवला. तळं भरलं, आणि अख्खं जंगल जे पाण्यात शिरलं ते बाहेर यायलाच तयार होईना.

सगळे ओलेचिंब होऊन काठावर बसले असताना म्हातारा गवा म्हणाला, “पोहा, नाचा, काय हवं ते करा. पण एक ध्यानात ठेवा. मातीच्या बांधावर गवत चालतं, झाड चालत नाही. झाडाची मुळं मातीत वाट पाडतात, आणि त्या वाटेनं मागून पाणी येतं. रोप दिसलं की उपटायचं. हे काम कोण अंगावर घेतंय?”

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मौजेला सारं गाव, राखणीला कोणी नाही, ही रीत माणसांचीच आहे असं समजू नका. शेवटी मागच्या रांगेतून साळिंदर पुढे आला आणि म्हणाला, “मी करीन, गवेबाबा. नाहीतरी माझं खाणंच मुळं.”

“वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ऐकल्या होत्या, इथे तर खादाडाच्या हाती राखण!” एक वानर म्हणालं आणि सगळे खो खो हसले. साळिंदरही हसला. इतक्या जणांनी एकदम त्याच्याकडे बघितल्याचा त्याला आनंदच झाला होता.

काम त्याने मनापासून केलं. बांधावर बाभळीचं रोप उगवो की करंजाचं, दोन पानं फुटायच्या आत ते साळिंदराच्या पोटात गेलेलं असे. त्याचं बीळ बांधाच्या टोकाला, कातळाखाली होतं. बांधाच्या मातीला त्याने कधी नख लावलं नाही.

त्या पहिल्या वर्षी तोही सगळ्यांबरोबर पाण्यात उतरायचा. तुम्हाला ठाऊक आहे का, साळिंदराचे काटे पोकळ असतात. पाण्यात त्याला हातपायसुद्धा मारावे लागत नसत. तो नुसता पडून राहायचा आणि पाणी त्याला झुलवायचं. असं सुख त्याला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. पण एक दिवस बदकाचं एक पिल्लू खेळता खेळता त्याच्यावर जाऊन आदळलं आणि कळवळून ओरडलं. कोणी साळिंदराला रागावलं नाही. रागावले असते तर त्याला भांडता तरी आलं असतं. पोहणाऱ्यांचा म्होरक्या असलेलं पाणमांजर त्याच्याजवळ आलं, म्हणजे दोन हात लांब थांबलं, आणि फार गोड आवाजात म्हणालं, “साळिंदरदादा, तुम्ही आपले काठावरच बरे. तिथून बांधावर लक्षही राहील, नाही का?”

“हो, हो, तेही खरंच,” साळिंदर म्हणाला. तो पाण्यातून निघाला तो पुन्हा कधी उतरला नाही.

तेव्हापासून रोजचा एक परिपाठ पडला. उन्हं कलली की साळिंदर बिळातून बाहेर येऊन बांधावर बसायचा. पाण्यातून पाणमांजर विचारायचं, “साळिंदरदादा, बांध ठीक ना?” साळिंदर म्हणायचा, “ठीक.” पाणमांजर बुडी मारायचं आणि पलीकडे निघून जायचं. दिवसभरात त्याच्याशी कोणी बोललं तर एवढंच. कधी कधी तो “ठीक” म्हणण्याआधी मुद्दाम थोडा थांबायचा, म्हणजे तेवढंच बोलणं लांबेल. पण पाणमांजराला तेवढा दम कुठला? ते उत्तर ऐकण्याआधीच बुडालेलं असे. इतक्या गलबल्याच्या काठावर बसून इतकं एकटं वाटावं, याचं साळिंदराला फार वाईट वाटायचं.

अशातच एका सकाळी पाण्याकडच्या दगडांच्या फटीत त्याला एक रोप दिसलं. कुठल्यातरी पाखराच्या विष्ठेतून बी पडून उंबर उगवला होता. त्याला दोनच पानं होती, आणि तीही तेलकट, लालसर. साळिंदराने तोंड पुढे केलं. त्याचे काटे त्या पानांना लागले, पानं जराशी हलली आणि जागच्या जागी राहिली. ती मागे सरली नाहीत. आता, रोप मागे सरणार तरी कुठे? पण एकट्या जिवाला एवढा विचार सुचत नाही.

“बरं, आज राहा,” साळिंदर त्याला म्हणाला. “उद्या खाईन.”

दुसऱ्या दिवशीही तो म्हणाला, “उद्या खाईन.” तिसऱ्या दिवशी रोपाच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून त्याने एक दगड सरकवून सावली केली. रोज संध्याकाळी तो त्याला दिवसभराची हकिकत सांगू लागला, आणि शेवटी न चुकता म्हणायचा, “उद्या खाईन हं.” उंबराने काही ते मनावर घेतलं नाही. पावसाळे गेले, उन्हाळे गेले, आणि उद्या उद्या करता करता उंबर साळिंदराच्या डोक्यावरून वर गेला.

मग तो सगळ्यांच्या नजरेस पडला. आता हा जाणार, असं साळिंदराला वाटलं. पण झालं भलतंच! वानरं फांदीवर चढून पाण्यात उड्या टाकू लागली. पाणमांजर म्हणालं, “छान झालं, सावलीची सोय झाली!” म्हाताऱ्या गव्याने भुवया चढवल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दुपारच्या उन्हात तोही त्याच सावलीत उभा राहिला, त्याचा डोळा लागला आणि बोलायचं राहून गेलं. सावली अशी असते, बाबांनो. तिच्यात उभं राहिलं की खाली काय चाललंय ते कोणी बघत नाही.

उंबराला फळं धरली आणि हरोळ्यांचा थवा आला. हरोळी म्हणजे हिरव्यापिवळ्या पिसांचं, कबुतराएवढं, मोठं देखणं पाखरू. त्यांतली एक म्हातारी हरोळी बोलकी होती. फळं खाता खाता ती खाली बघून म्हणाली, “काय शेजारीबुवा, आज लवकर उठलात?”

शेजारीबुवा! साळिंदराला आजवर कोणी शेजारी म्हटलं नव्हतं. झाडावर बसणाऱ्याला खालचे काटे टोचत नाहीत, त्यामुळे हरोळी त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारी. डोंगरापलीकडची रानं, तिथली भांडणं, कोणत्या ओढ्याला कोणती फळं लागलीत, सगळं ती सांगायची. झऱ्यावर भेटलेलं एक भेकर हरीण एकदा साळिंदराला म्हणालं, “अहो, तुम्ही तर उंबराचं फूल झालात! दिसतच नाही कुठं.” साळिंदर ऐटीत म्हणाला, “वेळ कुठे असतो? घरी पाहुणे असतात.” हे वाक्य त्याने वाटेत स्वतःशीच पुन्हा दोनदा म्हणून पाहिलं.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला आणि तळं काठोकाठ भरलं. पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या तोंडाशी, जंगलात पोहण्याची मोठी शर्यत असे. तिला यंदा आणखी पाणी हवं म्हणून पाणमांजराने वानरांकडून सांडव्यात दगड रचून घेतले होते. साळिंदर बांधाच्या कोरड्या बाजूने सकाळची फेरी मारत होता. उंबराच्या बरोबर मागे, बांधाच्या पायथ्याशी, त्याच्या पायाला ओल लागली. त्याने वाकून पाहिलं. करंगळीएवढी धार वाहत होती. पाणी स्वच्छ होतं, म्हणून त्याने मनाची समजूत घातली, की मातीचा बांध आहे, थोडं झिरपायचंच. दुसऱ्या दिवशी ते पाणी गढूळ झालं होतं. त्याने जिभेला लावून पाहिलं, तर चिकट लागलं. बांधाच्या पोटातली काळी माती वाहून येत होती.

मुळं ज्याचं खाणं, त्याला आणखी काय सांगायला हवं? उंबराचं मूळ बांधाच्या आरपार गेलं होतं, आणि मुळाच्या वाटेने पाणी येत होतं. साळिंदराच्या काट्यांवर काटा उभा राहिला. त्याला हेही कळलं, की आत्ता ओरडलो तर सगळे धावत येतील, उंबर जाईल, आणि उंबराबरोबर “काय शेजारीबुवा” म्हणणारीही जाईल. त्याने इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने पाला आणि चिखल यांचा बोळा केला आणि भोकात दाबून कोंबला. धार थांबली.

त्या संध्याकाळी पाण्यातून प्रश्न आला, “साळिंदरदादा, बांध ठीक ना?”

“ठीक,” साळिंदर म्हणाला. पहिल्यांदाच त्याने ते झटकन म्हटलं, आणि पाणमांजर लगेच बुडालं याचं त्याला बरं वाटलं.

बांधाच्या खाली, कोरड्या ओहोळाच्या काठी, गवतात एक लावी राहत होती. लावीचं घरटं जमिनीवर असतं. तिची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती आणि त्यांना अजून उडता येत नव्हतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती तुरुतुरु साळिंदराकडे आली.

“अहो दादा, एक विचारू का? परवापातूर आमच्या दारातनं पाणी वाहत होतं. तुम्ही बुजवलंत ते बघितलं मी. बरं झालं म्हटलं, पिल्लं भिजत होती.”

“मग?” साळिंदराने दुसरीकडे बघत विचारलं.

“मग काय, आता घरट्याखालची जमीनच मऊ लागतीया. पाय ठेवला की हलती. मधनंच बुडबुडा येतो. माझ्या मेलीला काय कळतंय त्यातलं? पण कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं खरं. तुम्ही राखणदार. तुम्ही ठीक म्हणा, म्हंजे मी निवांत निजते.”

साळिंदराला कळून चुकलं. बाहेर यायची वाट बंद केल्यावर पाणी थांबलं नव्हतं. त्याने बांधाच्या बुडातून दुसरी वाट काढली होती. आणि ही लावी त्याच्या एका शब्दावर पिल्लांना घेऊन तिथे झोपायला तयार होती.

“आजच्या आज पिल्लांना घेऊन टेकडीवर जा,” तो म्हणाला.

“आत्ता? का हो?”

“जा म्हणतो ना!” तो असा खेकसला, की लावी बिचारी घाबरून पळाली. पिल्लांना पुढे घालून ती हळूहळू टेकडी चढू लागली. साळिंदर तसाच उंबराखाली गेला.

“हरोळीबाई,” त्याने वर बघून हाक मारली, “माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. ती सांगितली तर हा उंबर तोडावा लागेल.”

“अगंबाई!” हरोळी म्हणाली आणि तिने एक फळ गिळलं. “तोडावा लागला तर तोडा हो. डोंगरापलीकडे ओढ्याला उंबर लगडलेत. आम्ही नाहीतरी परवा निघणारच होतो.”

“परवा?”

“बोलले नव्हते का मी? राहून गेलं असेल.”

साळिंदर थोडा वेळ तसाच वर बघत उभा राहिला. ती आणखी काहीतरी बोलेल, असं त्याला वाटत होतं. काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण तिने दुसरं फळ शोधायला मान वळवली. यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिने त्याला कधी काही वचन दिलं नव्हतं. ती फळांसाठी आली होती आणि फळं खाताना चार शब्द बोलली होती. त्या चार शब्दांवर साळिंदराने घर बांधलं होतं. त्याला रडू आलं. पण रडत बसायलाही सवड नव्हती.

तळ्यात तेव्हा शर्यतीची तालीम चालली होती. सगळ्यांची पिल्लं बांधाच्या कडेला रांगेत उभी होती. पाणमांजराने सवयीने विचारलं, “साळिंदरदादा, बांध ठीक ना?” आणि सवयीने बुडी मारली.

“नाही!” साळिंदर सगळे काटे फुलवून ओरडला. “बांध ठीक नाही! पाण्याबाहेर निघा, सगळे बाहेर निघा!”

असा आवाज त्याच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. पळापळ झाली. म्हातारा गवा खाली पायथ्याशी उतरला. त्याने बोळा पाहिला, खुराने जमीन दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. मग कोणी कोणाला दोष देत बसलं नाही. वानरांनी सांडव्यातले दगड उपसले, रानडुकरांनी खालचा मुरूम उकरून सांडवा खोल केला आणि पाणी एका कडेने, धीम्या चालीने निघून जाऊ लागलं. अंधार पडेपर्यंत तळ्याचा नुसता चिखल उरला. बांध वाचला, पण थोडक्यात वाचला. लावीच्या घरट्याची जागा खचून तिथे खड्डा पडला होता. लावी टेकडीवरून ते बघत होती आणि पिल्लांना पंखाखाली पुन्हा पुन्हा चाचपत होती.

“बाहेरून बोळा कोंबलास होय रे?” गवा साळिंदराला म्हणाला. “पाण्याला बाहेर यायची वाट बंद केली, की ते आतल्या आत पोखरत सुटतं. आणि हे झाड! तुझं तर खाणंच मुळं. तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं.”

“मग ठेवलंस कशापायी?”

सगळे त्याच्याभोवती उभे होते, नेहमीसारखे दोन हात लांब. साळिंदराने मान खाली घातली. “त्याला माझे काटे टोचत नव्हते,” तो म्हणाला.

पाणमांजराने एकदा साळिंदराकडे पाहिलं आणि मग ते रिकाम्या तळ्याकडे बघत राहिलं.

उंबर नुसता तोडून भागणार नव्हता. मूळ बांधात राहिलं तर ते कुजणार आणि पोकळी होणार. म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत मूळ काढायला हवं होतं. ते काम करू शकेल असा जंगलात एकच जण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साळिंदर उंबरापाशी गेला. कितीतरी दिवस ज्याला “उद्या खाईन” म्हणत आला, ते आज खायचं होतं. तो मूळ कुरतडू लागला. मूळ कडू असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण ते गोड होतं, रसाळ होतं, आणि त्यामुळे त्याचं काळीज जास्तच तुटत होतं. हरोळ्यांचा थवा ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी उडाला. म्हातारी हरोळी जाता जाता म्हणाली, “येते हो शेजारीबुवा,” आणि साळिंदराने तोंडातला घास तसाच ठेवून मान हलवली.

शर्यत झाली नाही. ज्याला त्याला दुसरीकडे डबकी शोधावी लागली, आणि काहींनी साळिंदराला नावंही ठेवली. उन्हाळाभर तो भेगाळलेल्या तळ्याच्या काठी बसून असायचा. आता “बांध ठीक ना?” एवढं विचारायलाही कोणी नव्हतं. पाऊस जवळ आला तेव्हा गव्याचा कळप आला, मुळाच्या जागी नवी काळी माती भरली गेली आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा थरावर थर तुडवले. साळिंदराने त्या मातीतला एकेक तंतू वेचून काढला. कोणी त्याच्या अगदी जवळ आलं नाही. काटे ते काटेच. त्यांना कोण काय करणार?

तळं पुन्हा भरलं. गलबला पुन्हा सुरू झाला. साळिंदर कललेल्या उन्हात बांधावर येऊन बसला. पाण्यातून आवाज आला, “साळिंदरदादा, बांध ठीक ना?”

“ठीक,” साळिंदर म्हणाला आणि बुडीचा आवाज येईल म्हणून वाट पाहू लागला. पण तो आला नाही. पाणमांजर तिथेच होतं.

“आणि बाकी?” त्याने विचारलं.

“बाकी काय?” साळिंदर गोंधळला. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा नव्हता.

“बाकी म्हणजे... बाकी. काल काय केलंत?”

साळिंदर बराच वेळ गप्प बसला. पाणमांजर थांबून राहिलं.

“काल दगडांत उंबराचं रोप उगवलं होतं,” शेवटी तो म्हणाला.

“मग?”

“खाल्लं.”

“वाईट वाटलं?”

“हो,” साळिंदर म्हणाला. “फार वाईट वाटलं.”

तळ्याच्या मधून पिल्लं पाणमांजराला हाका मारत होती, खेळ खोळंबला होता. तरी ते गेलं नाही. काट्यांपासून दोन हात लांब, बांधाच्या दगडांना धरून, ऊन उतरेपर्यंत ते तिथेच तरंगत राहिलं.

तात्पर्य : गळती बुजवू नये, वेळीच दाखवावी, आणि राखणदाराला नुसतं “बांध ठीक ना?” विचारून बुडी मारू नये, त्याचं उत्तर ऐकायला थोडं थांबावं.